यॉर्कशायरचा दरवाजा

आपल्या मालवणात क्रिकेटची गोष्ट निघाली की रमाकांत आचरेकरांचे नाव निघायचेच. त्यांचा जन्म १९३२ सालचा, मालवणचा. कर्तृत्व मात्र मुंबईस, शिवाजी पार्कच्या मैदानावर घडले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या सचिन तेंडुलकरने किती शतके केली हे येथे बसलेल्या शाळकरी मुलांनाही पाठ असेल. म्हणून ते आम्ही सांगणार नाही. १९९२ च्या उन्हाळ्यात, एकोणीस वर्षांचा असताना, तो यॉर्कशायरमध्ये पगारी खेळाडू म्हणून गेला होता, त्या एका हंगामाविषयी आम्हांला बोलावयाचे आहे.

विलायतेत जाऊन पैसे घेऊन खेळणे ही आपल्याला नवी गोष्ट नव्हती. लँकेशायर लीगमध्ये प्रत्येक गावाचा संघ एक धंदेवाईक खेळाडू ठेवी. विजय हजारे रॉटनस्टॉलला, विनू मंकड हॅस्लिंग्डनला, सुभाष गुप्ते रिश्टनला असेच राहिले. अशा खेळाडूने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत पेटी फिरे आणि जमेल ती रक्कम त्याची. दशावताराच्या रात्री आरतीचे ताट फिरते, तसाच काहीसा प्रकार! पुढे १९६८ पासून काउंटी संघांनाही परदेशी खेळाडू थेट घेण्याची मुभा मिळाली. वेंगुर्ल्याच्या घराण्यातले सुनील गावसकर १९८० साली सॉमरसेटकडून खेळले ते याच वाटेने.

या वाटेवर एकच घर बंद होते, ते यॉर्कशायरचे. हा क्लब १८६३ साली स्थापन झाला. यॉर्कशायरच्या भूमीवर जन्मलेल्यानेच संघात खेळावे असा तेथला दंडक; तोही लेखी नियमापेक्षा कुळाचाराच्या जातीचा. गंमत अशी की ज्यांच्या अमदानीत तो पक्का झाला ते कर्णधार लॉर्ड हॉक स्वतः शेजारच्या लिंकनशायरात जन्मलेले! मुलगा झालाच तर तो खेळण्यास पात्र ठरावा म्हणून गरोदर बायकांना यॉर्कशायरात आणीत, अशा कथा तिकडे सांगतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. तिकडे ते क्रिकेटसाठी.

जिंकत होते तोवर हा अभिमान शोभला. १९६८ नंतर मात्र काउंटी अजिंक्यपद यॉर्कशायरकडे फिरकेना. इतर काउंट्या सोबर्स, लॉइड, रिचर्ड्स यांना घेऊन खेळत होत्या. अखेर १९९१ साली क्लबने एक परदेशी खेळाडू घेण्याचे ठरविले. निवड झाली ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज क्रेग मॅकडरमट याची. तो दुखापतीने येऊ शकला नाही, आणि त्याच्या जागी वांद्र्याच्या साहित्य सहवासातला हा मुलगा आला. हवा होता गोलंदाज, आला फलंदाज.

त्या हंगामात सचिनने सोळा प्रथम दर्जाचे सामने खेळून ४६.५२ च्या सरासरीने १०७० धावा केल्या. शतक एकच, डरहॅमविरुद्ध. त्याच वर्षाच्या आरंभी सिडनी आणि पर्थ येथे कसोटी शतके ठोकणाऱ्याकडून अधिक अपेक्षा होती, असे म्हणणारे म्हणतात. आम्हांला तो हिशेब अपुरा वाटतो. काउंटीचा खेळाडू म्हणजे रोजंदारीचा कामगार. तीन किंवा चार दिवसांचा सामना, मध्येच रविवारी चाळीस षटकांचा, आणि तो संपला की पुढचे गाव. हवा ओली, चेंडू हलता. मुंबईच्या खोलीत एकटा राहणारा चाकरमानी ज्या शाळेत शिकतो, तीच ही शाळा. धावांपेक्षा तो आणखी काय शिकला, हे सरासरीत कोठून दिसणार? अजिंक्यपद काही त्याच्यामुळे आले नाही. त्या वर्षी ते एसेक्सने नेले, आणि यॉर्कशायरला ते २००१ सालीच मिळाले.

पण दरवाजा उघडला तो उघडलाच. पाठोपाठ वेस्ट इंडिजचा रिची रिचर्डसन आला, ऑस्ट्रेलियाचा मायकेल बेव्हन आला. जन्माची अटही सैल झाली, आणि सॅल्फर्डला, म्हणजे हाडवैरी लँकेशायरात, जन्मलेला पण यॉर्कशायरात वाढलेला मायकेल वॉन १९९३ साली संघात आला.

येथवर गोष्ट गोड आहे. मात्र ब्रॅडफर्ड, ड्यूजबरी, हडर्सफील्ड या गावांच्या लोकरीच्या गिरण्यांत भारत-पाकिस्तानातून आलेली हजारो माणसे राबत होती. आपली माणसे परळ-लालबागला गेली, तशी ती तिकडे गेली. त्यांची मुले यॉर्कशायरातच जन्मली, म्हणजे जुन्या कुळाचाराप्रमाणेही पात्र होती, आणि क्रिकेट त्यांच्या अंगात होते. मग ती संघात का नव्हती? जन्माच्या अटीआड हा प्रश्न इतकी वर्षे झाकून राहिला होता. मुंबईचा सचिन १९९२ साली त्या संघातून खेळला. इंग्लंडात जन्मलेला पहिला आशियाई वंशाचा खेळाडू, हडर्सफील्डचा अजमल शहजाद, यॉर्कशायरकडून खेळला तो २००४ साली. पाहुण्याला पाट लवकर मिळाला. शेजारी आणखी बारा वर्षे उंबरठ्याबाहेर राहिला. २०२० साली अझीम रफीक या माजी खेळाडूने क्लबात आपल्याला वंशद्वेषाची वागणूक मिळाल्याचे उघड सांगितले. पुढच्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली, तेव्हा साऱ्या इंग्लंडला ही गोष्ट ऐकावी लागली.

सचिन हेडिंग्लेवर खेळत होता तेव्हा ब्रॅडफर्डमध्ये आदिल रशीद नावाचा एक मुलगा चार वर्षांचा होता. २००६ साली तो यॉर्कशायरकडून लेगस्पिन टाकू लागला, आणि २०१९ साली लॉर्ड्सवर इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्या अकरा जणांत होता.