मधुमेह आणि भोवतालची विषे

मधुमेह म्हणजे गोडधोडाचा आणि बैठ्या जीवनाचा रोग, अशी समजूत घरोघर रुजलेली आहे. रोगाचे निदान झाल्या दिवसापासून घरची मंडळी रोग्याच्या ताटातील जिलब्या मोजू लागतात. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. वाढते वय, स्थूलपणा, आईबापांकडून आलेला वारसा आणि श्रमाचा अभाव ही या रोगाची प्रमुख कारणे होत, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. परंतु अन्न, पाणी व हवा यांतून नकळत शरीरात शिरणारी विषारी द्रव्येही त्याला हातभार लावीत असावीत काय, हा प्रश्न आता शास्त्रज्ञांपुढे उभा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत देशातील मधुमेह्यांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली, आणि सर्वांत मोठे प्रमाण, म्हणजे प्रौढांपैकी २६.४ टक्के, गोव्यात आढळले. हा आकडा विषांमुळे फुगला असे कोणी सिद्ध केलेले नाही. पण जेथे दर चार प्रौढांमागे एकाला रोग आहे, तेथे या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

एखादे रसायन मधुमेह उत्पन्न करू शकते, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. १९४३ साली ग्लासगो येथील संशोधक मूत्रपिंडाच्या विकारांचा शोध घेत होते. त्यांनी सशांना ॲलोक्झन नावाचे द्रव्य टोचले, तेव्हा स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी तेवढ्या मेलेल्या आढळल्या. शोधायचे होते एक, सापडले दुसरेच! पुढे प्रयोगशाळांतून प्राण्यांना मुद्दाम मधुमेही करण्यासाठी हे द्रव्य वापरले जाऊ लागले. माणसाच्या बाबतीतला पुरावा याहून दुःखद आहे. १९७५ साली अमेरिकेत ‘व्हॅकॉर’ या नावाने उंदीर मारण्याचे एक औषध बाजारात आले. ते पोटात जाऊनही जी माणसे वाचली, त्यांच्यापैकी कित्येकांना काही दिवसांतच तीव्र मधुमेह जडला आणि इन्शुलिन घेण्याची वेळ आली. त्यांत गोड खाण्याचा अगर स्थूलपणाचा काही संबंध नव्हता. १९७९ मध्ये ते औषध बाजारातून काढून घेण्यात आले.

अर्थात हे झाले एका झटक्यात पोटात गेलेल्या विषाचे. सर्वसामान्य मधुमेहात प्रकार निराळा असतो. इन्शुलिन तयार होते, पण स्नायू व यकृत त्याला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक राबते आणि अखेर थकते. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे शरीरात गेल्यास हीच दोन कामे बिघडतात काय, हे पाहणे कठीण आहे, कारण माणसावर असा प्रयोग करता येत नाही. तो अपघाताने घडावा लागतो.

असा एक अपघात १९७९ साली मध्य तैवानात घडला. तांदळाच्या कोंड्याचे तेल काढताना उष्णता देण्यासाठी नळ्यांतून जे रासायनिक द्रव खेळवीत, ते गळून तेलात मिसळले. पीसीबी या नावाने ओळखली जाणारी ही क्लोरिनयुक्त द्रव्ये होत. सुमारे दोन हजार माणसांनी ते तेल स्वयंपाकात वापरले. अंगावर पुटकुळ्या उठल्या, कातडी व नखे काळवंडली. ही द्रव्ये चरबीत साठतात आणि सहजी बाहेर पडत नाहीत. दोन तपांनंतर या लोकांची पुन्हा चौकशी झाली, तेव्हा तेल खाल्लेल्या स्त्रियांत मधुमेहाचे प्रमाण त्यांच्या शेजारणींच्या सुमारे दुप्पट दिसले. पुरुषांत मात्र असा फरक आढळला नाही. असे का, याचे उत्तर सोपे नाही, आणि ते उत्तर झाकून ठेवून केवळ ‘दुप्पट’ हा शब्द मिरविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

येथे एक खाच ध्यानात घेतली पाहिजे. चरबीत साठणारे विष स्थूल माणसाच्या शरीरात वेगळ्या रीतीने वागते, आणि स्थूल माणसाला मधुमेहही अधिक होतो. मग रक्तातील विष आणि रोग बरोबर आढळले, तरी कोणी कोणाला आणले हे कसे ठरवावे? म्हणूनच जाणते संशोधक ‘कारण’ म्हणण्याऐवजी ‘संबंध’ हा शब्द वापरतात. मदुरईच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली एक पाऊल पुढे टाकले. खेड्यांतून कीटकनाशकांशी नित्य संबंध येणाऱ्या लोकांत मधुमेह इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. त्यांनी उंदरांवर प्रयोग करून असे दाखविले की, आतड्यांतील जंतू या फवारणीच्या औषधांचे विघटन करतात आणि त्यातून निघणाऱ्या द्रव्यांमुळे यकृत अधिक साखर तयार करू लागते. कापसावर व भाजीपाल्यावर फवारणी करणाऱ्या शेतमजुरांच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा आहे. सडपातळ आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला हा रोग का व्हावा, याचा काही उलगडा त्यातून होण्याजोगा आहे.

सर्वांत जुना पुरावा पाण्याचा. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींच्या पाण्यात सोमल होता. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्याच्या पोटात आयुष्यभरात सोमल अधिक गेला त्याला मधुमेहही अधिक, असे दिसून आले. बांगलादेश व पश्चिम बंगाल येथील कूपनलिकांतून हेच विष लाखो लोकांच्या घशाखाली गेले आहे. अल्प प्रमाणात त्याचा परिणाम किती, याविषयी अद्याप वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा एका लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. सोमलाला रंग, वास वा चव नसते. आणि आपल्याकडे पाणी शुद्ध करण्याचा जो घरगुती उपाय, म्हणजे उकळणे, तो येथे उलटा पडतो: जंतू मरतात, पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात सोमलाचे प्रमाण वाढते. बांगलादेशात म्हणूनच हजारो नळांची तपासणी करून त्यांची तोंडे रंगविण्यात आली. विषारी नळ तांबडा, निर्धोक नळ हिरवा. हा रंग काही वर्षांत उडाला, आणि ज्या नळांची फेरतपासणी झाली नाही, तेथे घागर लावणाऱ्या बाईला पाणी कसले आहे हे कळण्याचा मार्ग उरला नाही.