अंतर उंबरठ्यापासून मोजावे

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. न थांबता जाणारे विमान ते दहा तासांच्या आसपास कापते. कुरुंदवाडच्या प्रवाशाला मिरजेला येऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठण्यास जवळपास तितकाच वेळ लागतो. या दोन आकड्यांतील विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

विमानविद्येने केलेली प्रगती निःसंशय थक्क करणारी आहे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यानंतरही विलायतेचा जलप्रवास आठवड्यांच्या हिशेबातच मोजला जाई. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा असे मुक्काम करीत लंडनला पोहोचले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने ताफ्यात आली आणि तासांची संख्या आणखी घटली.

अर्थात, आकाशातील अंतरही वाटते तितके सरळ नसते. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये ताणून धरलेला दोरा हा सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरील सपाट नकाशात मात्र तोच वाकडा दिसतो. अतिउंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वारे वाहतात. म्हणून लंडनला जाताना परतीपेक्षा अधिक वेळ लागतो. शिवाय राजकारणही आडवे येते. २०१९ साली पाकिस्तानने काही महिने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा कित्येक विमानांना वळसा घ्यावा लागला.

परंतु माणूस विमानतळावर राहत नाही. त्याचा प्रवास घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. कुरुंदवाडहून लंडनला निघालेल्याने एस.टी., रेल्वे, मुंबईतील वाहतूक आणि विमानतळावरील तीन तासांची प्रतीक्षा यांची बेरीज केली, तर प्रत्यक्ष उड्डाणाचा काळ एकूण प्रवासाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, कोल्हापूरला उजळाईवाडीचा विमानतळ झाला. तेथून मुंबई हवाई मार्गाने अवघी ३१० किलोमीटर आहे. तथापि पुढील कित्येक दशकांत ही सेवा अनेकदा सुरू झाली आणि अनेकदा खंडित पडली.

त्यातच कुरुंदवाड वसले आहे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्यातील रस्ते पाण्याखाली गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच काही दिवस बंद होता. अशा वेळी आईच्या आजारपणाची वार्ता ऐकून परदेशातून धावत येणाऱ्या मुलाला समुद्र अडवीत नाहीत. त्याला अडवितो तो गावाजवळचा पाण्याखाली गेलेला पूल.

म्हणूनच नव्या विमानतळांचे स्वागत करताना शेवटच्या पन्नास किलोमीटरांकडे दुर्लक्ष होता कामा नये. पुराच्या पातळीहून उंच पूल, गाडीच्या व विमानाच्या वेळेशी जुळणारी एस.टी. आणि मध्येच बंद न पडणारी हवाई सेवा या मागण्या चैनीच्या नाहीत. नोकरीच्या मुलाखतीस निघालेला पदवीधर, मुंबईच्या इस्पितळात जाणारा रुग्ण आणि परगावी राहिलेला मुलगा या सर्वांचा तो हक्क आहे. विमानाने वाचविलेले तास सडकेवरच खर्ची पडणार असतील, तर जग जवळ आल्याचा डांगोरा कुरुंदवाडकरांनी कशाच्या बळावर खरा मानावा?