सुट्टीतला डोंगर

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी छत्तीस वर्षं नोकरी केली. नट-बोल्ट, ड्रम, हातमोजे मोजून द्यायचे आणि उरलेल्या वेळात कागदाच्या मागच्या बाजूला कविता लिहायच्या. स्टोअरच्या खिडकीतून दोन गोष्टी दिसत. जवळ चिमण्या आणि लांब डोंगर. पावसाळा संपला की आठ-पंधरा दिवस हवा अशी धुतल्यासारखी होते, की मलंगगडाचा सुळका हाताला लागेल असं वाटतं. पुन्हा धूर धरला की तो पुसला जातो. म्हणून डोंगरावर जायचं म्हटलं की आमच्या वसाहतीतल्या माणसाच्या मनात पहिली येते ती हवा. निसर्गसौंदर्य वगैरे नंतर.

हे सगळं आठवायचं कारण माझी मुलगी. मे महिन्याच्या सुट्टीत पाच वर्षांच्या नातीला घेऊन विमानानं थेट लेहला जायचं, असं तिच्या आणि जावयांच्या मनात आलं. "अब्बा, तिकिटं आत्ता काढली तर स्वस्त पडतात," असं तिनं सांगितलं. मी तिला म्हटलं, "बेटा, तुला 1998 चा मे आठवतो का?" तिला आठवत होता तो फक्त भाड्यानं घेतलेला लाल कोट.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. दिवाळीचा बोनस तसाच जपून ठेवला होता. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी आणि मुलांच्या शाळेची रविवारी, त्यामुळे वर्षभर आम्ही एकत्र असे कधी सापडतच नव्हतो. एकदाच जायचं तर मोठं जाऊ, म्हणून मनाली ठरवलं. रेल्वे, मग रात्रभराची बस. मनालीत पोहोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी जीप करून रोहतांगच्या रस्त्यानं बर्फ बघायला निघालो. मनाली साधारण 2,050 मीटर उंचीवर आहे आणि रोहतांगची खिंड 3,978 मीटर. बर्फ लागलं तिथे आम्ही थांबलो. मी फोटो काढत होतो आणि मुलगी गप्प गप्प होत गेली. डोकं धरून बसली, मग उलट्या, मग झोप. मला वाटलं, रस्त्यावरचे छोले बाधले. जीपवाला मात्र पहाडातला माणूस. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कुणाला न विचारता गाडी खाली वळवली. संध्याकाळी मनालीत ती पराठा मागून खात होती. तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं, की घाटाची वळणं आणि उंची दोन्ही एकदम अंगावर आली होती, छोल्यांचा काही दोष नाही.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि मुलांना घेऊन डोंगर निवडताना दोन्हींचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

पहिली, गाडी लागणं. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. गाडी वळते तेव्हा ती मेंदूला सांगते की आपण हलतोय. डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ बघत असतात, ते सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूचा गोंधळ उडतो आणि मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा या वयात सर्वाधिक. म्हणजे ज्या वयाची मुलं घेऊन आपण सहलीला निघतो, नेमकं तेच वय. आणि हल्ली तर मूल शांत बसावं म्हणून घाट सुरू झाला की त्याच्या हातात मोबाइल देतात, म्हणजे डोळे आणखी खिळवून ठेवतात! त्यापेक्षा त्याला लांबचा डोंगर दाखवा, काच थोडी खाली करा, पोट तुडुंब भरू नका आणि तासाभरानं गाडी थांबवा. औषध द्यायचं असेल तर ते मुलांच्या डॉक्टरांना विचारून, घाट लागण्याआधी. माझं आजोळ वाईचं. पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट तिथून सुरू होतो. लहानपणी एसटीत मामा आमच्या हातात लिंबू द्यायचे आणि खिडकीची जागा भांडून मिळवायचे. लिंबाचा उपयोग किती होता कोण जाणे, खिडकीचा नक्की होता.

दुसरी गोष्ट उंचीची. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलं की तापमान ढोबळमानानं साडेसहा अंशांनी उतरतं. या एका आकड्यावर अर्धी सहल ठरवता येते. माथेरान सुमारे 800 मीटरवर आहे, म्हणजे खालच्या नेरळपेक्षा पाचएक अंशांनी गार. वर झाडांची सावली, ती वेगळी. महाबळेश्वर 1,372 मीटर, म्हणजे आठ-नऊ अंश. विदर्भातल्या वाचकांचं चिखलदरा 1,118 मीटरवर आहे. मेमध्ये बदलापूर-अंबरनाथचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही पाच किंवा आठ अंशांची सूट लहान मुलाला पुरेशी असते. आणि आपल्या सह्याद्रीचा मोठा गुण असा, की इथे उंचीचा आजार होत नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटरच. हा आजार साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू आपल्या इथल्यापेक्षा एक तृतीयांशानं कमी. मुंबईच्या समुद्रपातळीवरून उठून काही तासांत तिथे उतरायचं म्हणजे शरीराला सवय करायला वेळच द्यायचा नाही. मोठ्या माणसाला डोकं दुखलं तर तो सांगतो. पाच वर्षांचं मूल "डोकं दुखतंय" असं म्हणत नाही, ते चिडचिड करतं, जेवत नाही, खेळणं सोडून मांडीत येऊन पडतं. आपल्याला वाटतं, प्रवासानं दमलं. लेहला मुलांना नेऊच नये, असं मी म्हणत नाही. तिथेही मुलं जन्मतात, शाळेत जातात. पण जाणाऱ्यानं पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, निघण्याआधी डॉक्टरांना भेटावं आणि त्रास दिसला की हिशेब न करता खाली उतरावं. चार दिवसांची रजा घेऊन गेलेल्या माणसाला यातलं काहीच जमत नाही. रजा कमी असेल तर डोंगरही कमी उंचीचा हवा. आमच्या बोनसच्या सहलीत चुकलं ते हेच.

मुलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा कुठे जायचं." मी सांगितलं, माथेरान. ती हसली. अंबरनाथहून लोकलनं बदलापूर, वांगणी, शेलू आणि नेरळ. चौथं स्टेशन. अर्धा तासही लागत नाही. इतक्या जवळ कुणी सुट्टीला जातं का?

मला विचाराल तर मुलांसाठी महाराष्ट्रात याहून चांगली जागा नाही, आणि त्याचं कारण उंची नाही, हवाही नाही. तिथे मोटारी नाहीत. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेला आणि पुढे तिथे गाव वसलं. वाहनबंदी तिथे आजही आहे. 2003 पासून तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते, पुढे लाल मातीचा रस्ता. आपल्या वसाहतीतल्या मुलाला जन्मल्यापासून एकच शब्द ऐकू येतो, "हात धर!" रस्त्यावर टँकर, ट्रेलर, रिक्षा. माथेरानच्या रस्त्यावर आईनं मुलाचा हात सोडला तरी चालतं. कड्यांपाशी अर्थातच धरायचा, आणि घोड्यांच्या वाटेतून बाजूला व्हायला शिकवायचं. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडायची नाही. एवढं सांभाळलं की मूल आपल्या चालीनं चालतं. पाच वर्षांचं मूल सरळ रस्त्यावर नाही, वाकडंतिकडं चालतं, त्यामुळे आपल्या एक किलोमीटरमागे त्याचे दीड होतात, हा हिशेब ठेवावा. दस्तुरीपासून गावापर्यंत सुमारे तीन किलोमीटर आहे. ते जड वाटलं तर अमन लॉजपासून छोट्या गाडीची शटल मिळते. माणसानं ओढायच्या हातरिक्षा बंद करून त्या जागी ई-रिक्षा आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2025 मध्ये दिला. माझ्यासारख्याला फार वर्षं वाटत होतं, की आपल्या पोराला त्या रिक्षात बसवून त्याला काय शिकवतो आपण? बरं झालं.

आणि नेरळची ती छोटी गाडी! अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय या माणसानं ती आणली. त्यांचे वडील सर आदमजी यांनी पैसा पुरवला, काम 1904 मध्ये सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी धावली. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. वीसएक किलोमीटरला अडीच-पावणेतीन तास घेते. मोठ्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मुलांना मात्र डबा, बोगदा, वळणावर दिसणारं आपलंच इंजिन, जुम्मापट्टीचं स्टेशन, यात सहल सुरू झालेली असते. 26 जुलै 2005 च्या पावसानं हा मार्ग उद्ध्वस्त केला, 2007 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. 2016 मध्ये डबे घसरल्यामुळे गाडी बंद पडली, 2019 च्या पावसानं पुन्हा रूळ खचले आणि 22 ऑक्टोबर 2022 ला नेरळहून गाडी पुन्हा सुटली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद असते, वरची शटल तेवढी चालते. म्हणून मुलांना गाडीचं कबूल करण्याआधी स्टेशनवर चौकशी करावी. कबूल करून गाडी मिळाली नाही, तर पुढचे दोन दिवस त्याच एका विषयावर जातात.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून थोडं कडक बोलतो. जुलैमध्ये आमच्या भागातले धबधबे पोरांना बोलावतात. कोंडेश्वर, बारवीच्या आसपासचे ओढे, सगळं हिरवंगार. पण वर डोंगरात ढग कोसळला की खालच्या डोहातलं पाणी काही मिनिटांत वाढतं, आणि खाली तेव्हा ऊन असू शकतं. प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालतं ते उगाच नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हजारावर प्रवाशांना नावांनी बाहेर काढावं लागलं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर उतरला. 27 जणांचे मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ताच राहिले. माथेरानहून ज्या इर्शाळगडाकडे बोट दाखवून आपण मुलांना "तो बघ किल्ला" म्हणतो, त्याच्याच कुशीत ती वाडी होती. मुलांना पाऊस दाखवायचा तर पक्क्या खोलीच्या व्हरांड्यातून दाखवावा. कड्याखालची आणि ओढ्याकाठची स्वस्त खोली घेऊ नये, मग फोटोत ती कितीही सुंदर दिसो.

दूरच्या जागाही आहेत, नाही असं नाही. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं, मेच्या गर्दीत मुलं गाडीतच जास्त राहतात. भंडारदऱ्याला मेअखेरीस झाडांवर काजवे लखलखतात, जाग्या राहणाऱ्या मुलांनी ते जरूर पाहावेत, पाय न वाजवता. पण कुठेही गेलात तरी एका दिवसात सात पॉइंट करू नका. पॉइंट ही मोठ्यांची चैन आहे. मुलाला कठड्यापलीकडची दरी कळत नाही, त्याला कठड्यावर चाललेला मुंगळा कळतो.

मी पाच-सहा वर्षांचा असताना वडील मला मलंगगडावर घेऊन गेले होते. ते इथल्या काडेपेटीच्या कारखान्यात होते. माघी पौर्णिमेचा उरूस, पायऱ्यांवर सगळ्या जातिधर्मांची माणसं, कुणी चादर घेऊन तर कुणी नारळ घेऊन. आमच्या घरात तेव्हा डोंगर निवडायचा प्रश्नच नव्हता. जो दिसत होता तो आमचा. चढताना वडील दर पन्नास पायऱ्यांना थांबायचे. "तू दमलास का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, "मी दमलो, बस," म्हणायचे. मी वर पोहोचलो तेव्हा मला वाटलं, वडिलांना मीच चढवून आणलं.

लेहचं काय झालं, ते सांगतो. मुलगी आणि जावई मुलांच्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी आणखी काही वर्षं थांबायला सांगितलं, आणि जायचंच तर आठ-दहा दिवस हाताशी ठेवून. तिकिटं काढायची राहिली. डिसेंबरच्या सुट्टीत माथेरानला जायचं ठरलंय, दोन रात्री. नातीनं मला विचारलं, "नाना, तिथे हॉर्न वाजत नाही तर लोक बाजूला कसे होतात?" मी म्हटलं, घोड्याच्या टापा ऐकून. तेव्हापासून ती घरात टापांचा आवाज काढत फिरते आणि मला जागेवरून उठवते.