भाकरी-वरण: सगळ्या घराचं एकच जेवण
तुळजापूर तालुक्यातल्या जळकोटच्या परिसरात ज्वारी आणि तूर दोन्ही पिकतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना चालणारं जेवण बाहेर शोधायला नको. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी, तुरीत ते भरपूर. भाकरी वरणात कुस्करली की उणीव भरून निघते, शिवाय दात नसलेल्या आजीलाही तेच ताट चालतं. मुलं भाकरीला नाक मुरडतात, हे खरं. पण त्याच पिठात बेसन, तीळ, कोथिंबीर घालून ओल्या फडक्यावर धपाटं थापावं आणि दह्यासोबत वाढावं. भाकरी थापणं जमत नाही, ही तक्रारही रास्तच: ज्वारीत ग्लुटेन नसल्याने पीठ तुटतं. कढत पाण्यात भिजवून तळहाताने रगडून मळलं, तर भाकरी कडेला चिरत नाही.