उभ्या पिकाचा सौदा : तरुण खेळाडूंची निवड कशी होते?

ज्याने आमच्या भागातील गुळाचे सौदे पाहिले आहेत, त्याला लिलाव म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जुनी माणसे मराठीत ‘हर्रास’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘हराजु’ म्हणतात; शब्दसुद्धा भाऊभाऊच आहेत. पण गुळाच्या ढेपेचा भाव माल तयार झाल्यावर ठरतो. ढेप फोडून रंग पाहता येतो, चव घेता येते. अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूचा भाव ठरवणे म्हणजे शेतात उभ्या असलेल्या पिकाचा सौदा करणे होय. पाऊस कसा पडेल, रोग येईल की काय, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि देणाऱ्यालाही. व्यावसायिक संघ हा सौदा कसा करतात, आणि त्यात नफा-तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक परदेशी पद्धत पाहू. अमेरिका आणि कॅनडा या देशांत बर्फावरची हॉकी खेळली जाते. तेथील नॅशनल हॉकी लीगने 1963 साली ‘ड्राफ्ट’ची प्रथा सुरू केली. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. सर्व संघ क्रमाने एकेका तरुण खेळाडूचे नाव घेतात. ज्याने नाव घेतले, त्यालाच त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क मिळतो. गंमत अशी की, गेल्या हंगामात जे संघ तळाला राहिले, त्यांना पहिल्या पाळ्या मिळतात. मात्र पहिला क्रमांक मिळावा म्हणून कोणी मुद्दाम हरू नये, यासाठी पुढे त्यात चिठ्ठ्यांचा भाग घालण्यात आला. यामागचा विचार सरळ आहे. श्रीमंत संघाने पैशाच्या जोरावर सगळी चांगली मुले उचलली, तर सामने एकतर्फी होतील आणि प्रेक्षक तिकीट काढणार नाहीत. म्हणजे दुबळ्या संघाला हात देण्यात सर्वांचाच फायदा असतो. तोटा असलाच तर मुलाचा. कारण आपण कोठे खेळायचे, हे तो ठरवत नाही.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण म्हणजे प्रो कबड्डी लीग. ती 2014 साली आठ संघांनिशी सुरू झाली आणि 2017 पासून तीत बारा संघ आहेत. येथे मुख्य मार्ग लिलावाचा. प्रत्येक संघाला खर्चाची ठरावीक मर्यादा असते. 2023 च्या लिलावात ती 5 कोटी रुपये होती. पहिल्या लिलावातील सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार 12 लाख 80 हजारांना गेला होता. 2023 मध्ये पवन सेहरावत 2 कोटी 60 लाख 50 हजारांना गेला. नऊ वर्षांत भाव वीसपट झाला!

परंतु लिलावाखेरीज दुसरी एक वाट आहे, आणि तरुणांच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. संघ आपल्या चाचण्यांतून काही होतकरू मुले ‘नवे तरुण खेळाडू’ म्हणून लिलावाबाहेरच घेतात. मुलगा चमकला, तर नियमांच्या मर्यादेत संघ त्याला पुढच्या हंगामांसाठी आपल्याकडे राखून ठेवू शकतो. म्हणजे त्याची किंमत बाजारात ठरण्याआधीची उमेदीची वर्षे संघाला थोडक्यात मिळतात.

याचा उत्तम उपयोग पुणेरी पलटण या संघाने करून दाखवला. पहिल्या दोन हंगामांत हा संघ तळाला होता. पुढेही नामवंत खेळाडू घेऊन विजेतेपद काही हाती लागले नाही. 2021-22 च्या आठव्या हंगामात राहुल चौधरी, नितीन तोमर यांसारखी मोठी नावे संघात असताना गुण मिळवून दिले ते अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नव्या पोरांनी. पुढच्या हंगामात आकाश शिंदेही पुढे आला. संघाने ही मुले विकली नाहीत, राखली. डिसेंबर 2022 मध्ये अंतिम सामना जयपूरविरुद्ध गमावला. पण 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार होता अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अस्लम. प्रशिक्षक होते कर्नाटकचे बी. सी. रमेश. मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांच्या आपल्या अंकात ही गोष्ट नोंदवताना मला विशेष आनंद होतो.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच संघाने इराणचा मोहम्मदरेझा शादलुई याला 2 कोटी 35 लाखांना घेतले होते. तेव्हा केवळ स्वस्त पोरांवर करंडक मिळाला, असे म्हणता येणार नाही. खरे गणित असे की, घरची मुले थोडक्यात मिळाल्यामुळे एका महागड्या खेळाडूसाठी थैलीत पैसा शिल्लक राहिला.

हे झाले संघाचे गणित. आता खेळाडूचे पाहू. त्यासाठी लांब जायला नको. बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबा संघाने 36 लाख 40 हजारांना घेतला. पदार्पणाच्याच हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळवले. 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाख दिले. त्या वेळी साऱ्या पंचक्रोशीची मान उंचावली. पण 2021-22 मध्ये दुखापतीने त्याचा हंगाम सुरुवातीलाच संपला. 2022 च्या लिलावात त्याच संघाने त्याला 20 लाखांत घेतले. 2023 मध्ये हरियाणाने 1 कोटी मोजले, तर 2024 मध्ये दिल्लीने 26 लाख. माणूस तोच, मेहनत तीच. भाव मात्र गुळाच्या बाजारासारखा वर-खाली. आम्ही हिशेबशास्त्रात यंत्राचा घसारा दरवर्षी ठराविक टक्क्यांनी काढतो. माणसाच्या गुडघ्याचा आणि खांद्याचा घसारा काढण्याचे असे कोणतेही कोष्टक नाही.

याच्या अगदी उलट पद्धत बेळगावातच आहे. मराठा लाइट इन्फंट्री केंद्राच्या बॉईज स्पोर्ट्‌स कंपनीत लहान वयाची मुले चाचणी घेऊन निवडतात. कुस्तीसारख्या खेळाचे शिक्षण, राहणे, जेवण आणि त्याबरोबर शाळा, हे सारे तेथे मिळते. पुढे पात्र ठरल्यास सैन्यात नोकरीची वाट असते. याच रेजिमेंटचे शंकर लक्ष्मण 1947 मध्ये बँडपथकातील मुलगा म्हणून सैन्यात आले आणि 1956, 1960 व 1964 अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताचे हॉकीचे गोलरक्षक झाले. येथे कोटीची बोली नाही, पण दुखापत झाली म्हणून शिकलेले अक्षर कोणी काढून घेत नाही.

मग आपल्या गावच्या पोराने काय करावे? लीगकडे पाठ फिरवावी, असे मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या मुलाला बोर्डावर स्वतःची किंमत आकड्यात लिहिलेली पाहायला मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय महाविद्यालयातूनही ही वाट जाते. 2022 च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील पहिल्या दोन संघांच्या खेळाडूंना स्थान देण्यात आले होते. म्हणून आंतरमहाविद्यालयीन सामन्याकडे केवळ वर्ग चुकवण्याचे निमित्त म्हणून पाहू नये. गुरुजनांनाही एक विनंती आहे. सामन्यासाठी गैरहजर राहिलेल्या मुलाची हजेरी कापण्यापूर्वी, राहिलेला अभ्यास त्याला कोणी शिकवील का, एवढे पाहावे. कारण करारपत्र वाचणे, किती हंगामांसाठी आपण बांधले जातो हे विचारणे, दुखापत झाल्यास औषधपाण्याचा खर्च कोणाचा हे सहीपूर्वी पाहणे, या गोष्टी मैदानावर शिकता येत नाहीत. त्या वर्गातच शिकाव्या लागतात.

उभ्या पिकाचा सौदा करणारा शेतकरी शहाणा असेल, तर सगळे रान एकाच व्यापाऱ्याला देत नाही. घरच्या बियाण्यापुरता एक तुकडा राखतो. खेळाडूसाठी तो तुकडा म्हणजे त्याचे शिक्षण. बोली कितीही चढो, तो तुकडा विकू नये.