खरमोराचा माळ

तिरल्याहून सरदारपूरकडे गेले की लागणारे गवताचे माळ पुष्कळांना पडीक जमीन वाटतात. पावसाळ्यात मात्र तेच खरमोराचे सूतिकागृह असते. मराठीत आपण ज्याला तणमोर म्हणतो, तोच हा पक्षी. त्याच्यासाठी १९८३ साली येथे अभयारण्य घोषित झाले.

विणीच्या काळात नर काळाभोर होतो. डोक्यामागे पिसांचे तुरे येतात. गवत उंच, पक्षी ठेंगणा. तेव्हा मादीच्या नजरेस पडण्यासाठी तो दिवसाकाठी शेकडो उड्या मारतो. मादी नराहून मोठी. अंडी जमिनीवरच घालते आणि एकटीच उबवते. श्रावण-भाद्रपदात गवत कापले, गुरे सोडली, की त्या वर्षीची वीण संपलीच म्हणायची. शिवाय सोयाबीनने माळ व्यापले, आणि कीटकनाशकांनी नाकतोडे मारले. २०२१ साली हा पक्षी अतिसंकटग्रस्त ठरला.

अभयारण्यात खासगी शेतेही आल्याने जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने पडली. शेतकऱ्याचा राग पक्ष्यावर निघाला, आणि मला तो अगदीच अनाठायी वाटत नाही. शेजारच्या रतलाम जिल्ह्यातील सैलान्यास २००५ मध्ये वनखात्याने निराळी वाट धरली: शेतात खरमोर दिसल्याचे कळवणाऱ्या आणि घरटे राखणाऱ्या शेतकऱ्यास रोख बक्षीस.