शेरा क्रमांक चार

पहाटे ५.३०. घर झोपलेलं आहे. चहा घेऊन संपादकांचं पत्र पुन्हा उघडलं. 'मेजर रिव्हिजन'. दोन समीक्षक, २३ शेरे, मुदत ६० दिवस. आज ५७वा. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, खाली उत्तर आणि कुठल्या ओळीत काय बदललं ते. १९ झाले. उरलेले चार मी पहिल्या दिवसापासून टाळतेय.

६.१५. पहिल्या समीक्षकांचा चौथा शेरा. आमचा पेपर साताऱ्याकडच्या जांभ्या पठारांवरच्या वनस्पतींवर आहे. एका पठारावर पर्यटकांची वर्दळ, दोन निवांत. प्रत्येकावर मीटरभर लांबीरुंदीच्या २० चौकटी. पायाखाली तुडवल्यामुळे गेंद ही वनस्पती कमी झाली, असा आमचा निष्कर्ष. समीक्षक लिहितात: वर्दळीचं पठार एकच आहे, तिथल्या २० चौकटी म्हणजे २० स्वतंत्र पुरावे नव्हेत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला होता. भर पावसात गुडघ्यांवर बसून एकेक रोप मोजलंय आम्ही. पण परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये नेमकी हीच चूक दाखवली होती. त्यांनी तपासलेल्या १७६ अभ्यासांपैकी २७ टक्क्यांत ती सापडली. वर्दळीच्या पठारावर माती मुळातच उथळ असेल, तर गेंद पायांमुळे घटला की मातीमुळे, हे आमचे आकडे सांगू शकत नाहीत. चौकटी २० च्या २०० केल्या तरी नाही. समीक्षकांचं बरोबर आहे.

१०.४५. कॉलेज. दोन तास, एक प्रॅक्टिकल.

दुपारी १.३०. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी डबा घेऊन आली. "मॅडम, शेवटी एक मर्यादा म्हणून लिहू या ना. शीर्षक तरी राहील."

"नको गं. शीर्षकच चुकलंय."

याच भागातलं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं. अशा भागातल्या पठारांबद्दल छापलेल्या वाक्यावरून उद्या कुणाची वाट अडवली जाईल, कुणाचं उत्पन्न थांबेल. 'वर्दळीचा परिणाम' हे शब्द खोडले. 'तीन पठारांमधील फरक' लिहिलं. ती गप्प बसली, मग सारांशातली दोन वाक्यं तिनेच कापली.

३.४५. दुसरे समीक्षक म्हणतात, आमच्या गेंदाच्या दोन जाती म्हणजे एकच जात. इथे मात्र मान डोलावून चालणार नव्हतं. हर्बेरियमचे कागद काढले, बिया सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. गेंदाच्या जाती ओळखायला बीजाच्या पृष्ठभागावरची नक्षी उपयोगी पडते. दोन नमुन्यांत ती स्पष्ट वेगळी दिसली, फोटो काढले. तिसऱ्यात पक्व बीच नव्हतं. त्याचं जातीचं नाव काढून फक्त प्रजाती ठेवली.

रात्री ८.३०. उरलेले दोन शेरे आकृत्यांबद्दलचे होते, जेवणाआधी संपले. चौथ्या शेऱ्याखालचं उत्तर चारदा लिहिलं. आधीच्या तिन्ही मसुद्यांत सबबी होत्या. ठेवलं ते एवढंच: आपला आक्षेप योग्य आहे, दावा मागे घेतला आहे, शीर्षक, सारांश आणि ओळी २१४ ते २३८ पाहाव्यात.

११.१०. फाइल पाठवली. येत्या पावसाळ्यात वर्दळीची तीन आणि निवांत तीन अशी आणखी सहा पठारं मोजायची आहेत. वनखात्याकडे परवानगीचा अर्ज उद्या सकाळी द्यायचा आहे.